तपकिरी तबकडी

संग्राहकाने डोळ्याला भिंग लावून घड्याळ निरखलं आणि त्याचा चेहरा उतरला. "तबकडी तपकिरी पडलीय म्हणाला होतात ना?"

"होती, साहेब. तुम्ही येणार म्हणून चार दिवस खपून पुन्हा काळी कुळकुळीत केली," घड्याळजी नारकर कौतुकाने म्हणाले.

"अहो, उन्हाने असा रंग हजारात एखाद्याच तबकडीला चढतो. त्या रंगासाठीच आलो होतो मी!" घड्याळ ठेवून तो तडक निघून गेला.

नारकर हातातल्या कुंचल्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं डागाळलेल्या तबकड्या नव्या करण्यातच त्यांचं नाव झालं होतं.

बाहेरच्या बाकावरून रजनीताई लगबगीने आत आल्या. घड्याळ त्यांच्या दिवंगत नवऱ्याचं. ते विकून लेकीचं ऑपरेशन व्हायचं होतं.

"साहेब घाईत गेले. पैसे आणायलाच ना, भाऊ?"