आडवा पाइप

सासऱ्यांनी पिशवीतून हातोडा काढला तसा जावई जीपच्या आणखी जवळ सरकला.

जीप अंगणात उभी होती. तीन वर्षांत तिने त्याच्या सगळ्या सुट्ट्या आणि जिन्याखालची सगळी जागा खाऊन टाकली होती. टायर मोडीत निघालेल्या एका गाडीचे, पुढचे दिवे ट्रॅक्टरचे, मागचं बाक जुन्या रुग्णवाहिकेतलं. पगारातून उरेल तसं एकेक आणून त्याने घरीच बसवलं होतं. उद्या जीप पहिल्यांदा डोंगराच्या चढावर जाणार होती. मागच्या बाकावर बायको आणि सहा वर्षांची मुलगी बसणार होत्या. त्यांचे पट्टे बाकामागच्या आडव्या पाइपला अडकवलेले होते, आणि तो पाइप त्याने उसन्या आणलेल्या मशीनवर स्वतःच वेल्डिंग करून जोडला होता. सासऱ्यांचं सगळं आयुष्य वेल्डिंगमध्ये गेलेलं. "आधी मी बघतो, मग लेकीला बसू देतो," असं फोनवर सांगून ते सकाळीच येऊन धडकले होते.

त्यांनी पाइपच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"जोड कुठाय, जावईबापू?"

"तुमच्या अंगठ्याखालीच आहे, बाबा."

"लागत नाही हाताला."

जावयाला मूठभर मांस चढलं. तो दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवायचा. जिभेला सांधा लागला की कवळी परत यायची, म्हणून घासण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पाइपची दोन्ही टोकं त्याने आधी ग्राइंडरने, मग पॉलिश पेपरने दोन रविवार घासली होती आणि वर काळा रंग दिला होता.

"आता तुमचीच कवळी बघा ना," तो म्हणाला. "कधी सांधा टोचला?"

"कवळीच्या भरवशावर माझी नात चढ चढणार नाहीये."

सासरे गोणपाट पसरून जीपखाली शिरले. बाकाचे पाय खालून जोडलेले होते. तिथे ग्राइंडर पोचला नव्हता, त्यामुळे वेल्डिंगचे सगळे टाके ओबडधोबड, गाठीगाठींचे राहिले होते.

"हे कुणी केलं?"

"मीच," जावई ओशाळून म्हणाला. "म्हटलं, खाली कोण बघतंय."

"आणि वरचं?"

"तेही मीच."

सासऱ्यांनी खालच्या चारही टाक्यांवर हातोडा घातला. चारही खणखणीत वाजले. मग बाहेर येऊन, कपडे झटकून ते वरच्या पाइपकडे वळले. डावं टोक टिकलं. उजवीकडे दुसऱ्या घावाला आवाज बद्द आला, तिसऱ्या घावाला टाका उलला आणि पाइप एका अंगाला खाली आला. मुलीचा पट्टा त्याच्याबरोबर घसरून बाकावर पडला.

जावई त्या पट्ट्याकडे बघत राहिला. उद्या याच वेळी जीप चढाच्या मध्यावर असती. तो जमिनीवर ठेवलेल्या स्टेपनीवर बसला.

"अरे, टाका तू बरा मारला होतास की!" सासरे चिडून म्हणाले. जावईबापूंवरून गाडी एकदम 'अरे'वर आली होती. "दिसायला खालच्यासारखाच गबाळा असेल, पण माल होता त्यात. तू सगळा घासून काढलास. मग राहिलं काय? रंग!"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोने विचारलं, "काय पडलं हो?"

"पडलं नाही, तुटलं!" जावई ओरडला. मुलगी वर्गात पहिली आल्यासारखा त्याचा आवाज लागला होता.

"तुटलं, तर हसताय काय?"

त्याला सांगता येईना. हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांना पाणी येत होतं. तुटलं होतं ते घरच्या अंगणात, पट्ट्यात कुणी नसताना.

दोन्ही टोकांचा रंग खरवडून त्याने पुन्हा वेल्डिंग केलं. सासरे शेजारी उकिडवे बसून "सावकाश... थांब... हं, चल" एवढंच म्हणत होते. टाके झाले ते बघवत नव्हते. सवयीने त्याचा हात ग्राइंडरकडे गेला, तर सासऱ्यांनी त्यावर आधीच पाय ठेवलेला.

टाके निवल्यावर सासऱ्यांनी हातोडा त्याच्याच हातात दिला. पहिला घाव त्याने भीतभीतच घातला.

"जोरात."

मग त्याने जीव खाऊन घाव घातले. शेजारी भिंतीवरून डोकावून गेले. पाइप जागचा हलला नाही.

"बाबा, तुमचा कधी तुटला होता?"

सासरे गोणपाट गुंडाळू लागले.

"तुटला ना. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायचा आकडा. मीही तेव्हा घासूनपुसून, रंगवून दिला होता. अगदी देखणा. उतारावर ट्रॉली सुटली."

जावयाने हातोडा खाली ठेवला.

"ट्रॉलीतल्या माणसांनी उड्या टाकल्या म्हणून वाचली. मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून काम दाराबाहेर पडायच्या आधी मीच त्याच्यावर हातोडा घालतो."

मग त्यांनी मुलीचा पट्टा हाताला गुंडाळला, बाकाला पाय लावला आणि अंगाचा सगळा भार टाकून तो ओढला. एकदा, दोनदा, तीनदा. पाइप ढिम्म. त्यांनी सोडलेला सुस्कारा जावयाला स्पष्ट ऐकू आला. हा माणूस सकाळपासून आपल्याइतकाच घाबरलेला होता, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

"दोघींना बोलाव," कपाळावरचा घाम पुसत सासरे म्हणाले. "पट्ट्यांचं माप घेऊ."