पानातली दोन अंडी

"सर, परीक्षेला जाताना अंडं खाल्लं तर शून्य मार्क पडतात, हे कोर्टात सिद्ध होईल का?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी क्लासमध्ये विचारलंच.

"नाही होणार. पण म्हणून खाऊ नकोस हं!" सर म्हणाले.

लॉच्या प्रवेश परीक्षेचा दिवस उजाडला. एरवी परीक्षेच्या दिवशी मा, म्हणजे माझी आई, अंडं घरातही येऊ देत नाही. पण मी कोलकाता सोडून बंगळुरूच्या लॉ कॉलेजला जाईन, या धास्तीने ती महिनाभर मुसमुसत होती. त्या दिवशी माझ्या पानात चक्क दोन अंडी!

"खा गं झिनुक, अंगात ताकद येईल."

मी दोन्ही चाटूनपुसून खाल्ली.

निकाल लागला. बंगळुरू मिळालं!

"बाबा, मा, ऐका! मी जातेय. आणि मा, अंड्यांच्या कटाबद्दल तुला शिक्षा: मला हॉस्टेलवर सोडायला तूच यायचंस!"