मोकळे हात

घरून काम करणाऱ्या शलाकाने वायरलेस हेडसेट घेतला आणि तिचे हात मोकळे झाले. हे सर्वांत आधी नवऱ्याच्या, हृषीकेशच्या लक्षात आलं. “तुझं काम तर कानांनीच चालतं,” म्हणत त्याने लॅपटॉपशेजारी मेथीची जुडी ठेवली. आठवड्याभरात तिथे परातही आली.

बुधवारी ती कणीक मळत असताना साहेबांनी फोनवर विचारलं, “नागपूरची शाखा सांभाळाल? सोमवारी रुजू व्हावं लागेल.”

“हो सर, सोमवारी नागपूरला रुजू होते.”

हृषीकेश दारातच उभा होता. “अगं, मला विचारलंस? आणि पोळ्या कोण करणार?”

उत्तर त्याच्या आईने दिलं. “तू. चल, शिकवते. चाळीस वर्षं मळतेय मी, मला कधी कुणी नागपूरचं विचारलं नाही.”