सारुनचं भात

"जमीन मालकाला देत नाहीस? मग काप आता भात!" म्हणत मालकाचा गुंड वुथीनं कुऱ्हाडीच्या दांड्यानं सारुनचे दोन्ही हात मोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वुथी बघतो तर सारुनच्या शेतात सगळं गाव सावडीला उतरलेलं. डोक्यातोंडाला चौकडीचे क्रमा-पंचे गुंडाळलेले, विळे सपासप चाललेले. वुथी पिसाळला. बांधालगत वाकलेल्या पहिल्याच पाठीत त्यानं दांडा घातला. माणूस तोंडावर आपटलं, क्रमा सुटला.

वुथीची आई.

सगळे विळे वुथीकडे वळले.

"थांबा," रक्त थुंकत ती म्हणाली. "याचा बाप गेला तेव्हा आमचं भात सारुननं कापलं होतं. आमच्या घरची सावड अजून फिटायचीय. यालाही एक विळा द्या."