नियमात बसलेला लेख

साहेबांनी माझा ब्लॉग शेवटपर्यंत वाचला. “कंपनीचं नाव कुठंच न्हाई, कशफ मॅडम. नियम मोडला न्हाई तुम्ही.” ब्लॉगच्या नव्या नियमावलीवर सही करून मी बियाणं तपासायच्या खोलीत परतले. तिथं सहा वर्षं झुंबरबाई आणि मी एकाच टेबलावर उगवलेले दाणे मोजत आलो. तिच्या हातावर ‘रंगनाथ’ गोंदलंय. सगळ्यांना वाटायचं, भावाचं नाव असेल. “भाऊ न्हाई, पोरी,” एकदा ती हळूच म्हणाली, “त्याच्यासंग पळून गेल्ते. कोणाला बोलू नको.” तिची ही गोष्ट ब्लॉगवर लिहिताना मी तिचं नाव बदललं, गाव बदललं. गोंदण तेवढं राहू दिलं. त्याच्याविना लेख फिका वाटत होता. ऑफिसात सगळ्यांनी वाचला, सगळ्यांनी तिला ओळखलं. आज बेचाळीस डिग्रीत ती लांब बाह्यांचं पोलकं घालून आली होती. मी शेजारी बसले. तिनं स्टूल उचलून पलीकडच्या टेबलाशी नेलं. “तुम्ही मोजा, मॅडम.”