लाल गराचा पेरू

पेरूची लाल फोड मिटक्या मारीत संपवून काकांनी बशी पुन्हा पुढे केली. "वहिनी, इतका गोड पेरू कुठून आणलात?" या प्रश्नाची आई वर्षानुवर्षे वाट पाहत होती. "आपल्याच झाडाचा, भाऊजी." "थट्टा करता होय? ते तर मी कधीच तोडलं!" बाबा इस्पितळात अखेरच्या घटका मोजत असताना, शेजारच्या स्वतःच्या अंगणात पाने पडतात म्हणून काकांनी बाबांच्या लाडक्या झाडावर कुऱ्हाड चालवली होती, खिडकीतले ते रिकामे आकाश अजून सलते. "तोडलंत खरं, पण ढिगातली एक डहाळी मी ओल्या फडक्यात गुंडाळली, तिचं कलम बांधलं." काकांनी बशी खाली ठेवली. "झालं गेलं सोडा, वहिनी. एखादं कलम मलाही द्या." आईने सुरी पुसली. "गल्लीतल्या प्रत्येक अंगणात मी स्वतः एकेक लावून आले. तुमचं अंगण विसरले नाही, वगळलं."