दोन्ही चाव्या

शेवटचा स्क्रू आवळण्याआधी व्हर्ना स्पेन्सने पुन्हा एकदा विचारलं, "नक्की बसवू?"

"बसवा," ओडेट म्हणाली.

कॅनडातल्या चर्चिल गावात दाराला कुलूप लावत नाहीत. ऑक्टोबर संपत आला की पांढरी अस्वलं हडसन उपसागर गोठायची वाट बघत किनाऱ्यावर येतात. एखादं गावातही शिरतं. ते समोर आलं तर माणसाने जवळचं दार ढकलायचं आणि आत घुसायचं. घर कोणाचं, ते नंतर बघू. व्हर्नाच्या आईचं घर रस्त्याच्या टोकाला होतं. त्यापुढे फक्त खडक आणि पाणी. किनाऱ्याकडून पळत येणाऱ्याला पहिलं दार तेच. आई गेल्यावर व्हर्ना ते घर पाहुण्यांना आठवड्याच्या बोलीने देऊ लागली. तिची अट एकच होती: दाराला कुलूप नसेल.

आजवर कोणी तक्रार केली नव्हती. विनिपेग शहरातून एकटीच आलेल्या ओडेटने मात्र पहिल्याच सकाळी कुलूप मागितलं.

"आतून कडी आहे की," व्हर्ना म्हणाली होती. "भीती वाटली तर ती घाला."

"कडी नको. चावीचं कुलूप हवं."

पाहुण्याने मागितलं तर कुलूप द्यायचं, असा घरं भाड्याने लावून देणाऱ्या कंपनीचा नियम होता. व्हर्ना दुकानात जाऊन पितळी कुलूप घेऊन आली आणि स्वतःच ते दारात बसवू लागली. समोरच्या घरातला डंकन कुंपणाला टेकून बघत होता.

"व्हर्ना, एक घंटी पण लाव गं. अस्वल बिचारं वाजवून येईल."

"तू असाच तोंड दाखवत उभा राहा. अस्वल यायचंच नाही."

ओडेट हसली नाही. तिची नजर कुलपावर होती.

"चाव्या किती आहेत?"

"दोन. एक तुम्हाला, एक माझ्याकडे."

"दोन्ही मला द्या."

व्हर्नाने तिच्याकडे नीट पाहिलं. चाळिशीची बाई. अंगावर नवा कोट, सामान म्हणजे एक पिशवी. चोरायला कोणी आलं तरी नेणार काय?

"बाई, हे दार तुमच्या एकटीचं नाही," व्हर्ना म्हणाली. "बाहेर जो कोणी असेल त्याचंही आहे. उद्या कोणी जीव घेऊन पळत आलं आणि दार बंद मिळालं तर?"

ओडेटने हात पुढे केला. तिने तो मागे घेतला नाही. व्हर्नाने चाव्या तिच्या तळव्यावर ठेवल्या. ओडेटने त्या बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात घातल्या. मग ती बाहेर पायरीवर उभी राहिली. कुलूप लावलं, उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

"शहरातली माणसं!" डंकन पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हर्ना घरामागच्या टाकीतलं घर तापवायचं तेल बघायला आली. येताना तिने त्या दाराकडे बघायचं टाळलं. टाकीचा काटा पाहून ती बाजूने परत निघाली आणि जागीच थांबली. तिच्या गाडीपाशी अस्वल उभं होतं.

अस्वलाला पळवून लावायचं, नुसता मोठा आवाज काढणारं पिस्तूल गाडीत होतं. डंकनचं घर अस्वलाच्या पलीकडे. पळायचं नाही, हे तिला चालायला लागल्यापासून शिकवलेलं होतं. ती तोंड अस्वलाकडे ठेवून एकेक पाऊल पायरीच्या दिशेने सरकू लागली. अस्वलाने मान खाली घातली आणि ते चालू लागलं. मग त्याने वेग घेतला.

व्हर्ना वळली. समोर दार होतं आणि दारात तिच्याच हाताने बसवलेलं कुलूप चमकत होतं. तिच्याकडे चावी नव्हती. तिने दाराची मूठ फिरवली आणि सगळं अंग दारावर टाकलं.

दार उघडलं.

ती आत जमिनीवर आपटली. कोणीतरी तिच्यावरून वाकून दार लोटलं, कडी घातली. लगेच दारावर बाहेरून धडक बसली. लाकडावर नखं करकरली. दार टिकलं. थोड्या वेळाने वनखात्याच्या गाडीचा भोंगा ऐकू आला, मग बार, आणि खडकांकडे लांब जाणारी जड पावलं.

"व्हर्ना!" बाहेरून डंकन ओरडला. "जिवंत आहेस का गं?"

"आहे मेल्या! घंटी वाजवायला वेळ मिळाला नाही!"

ओडेट हसली. गावात आल्यापासून पहिल्यांदा. तिने व्हर्नाला हाताला धरून उठवलं आणि खुर्चीवर बसवलं. टेबलावर अर्धवट सोललेले बटाटे होते. गळ्यातल्या नाडीला दोन्ही चाव्या लटकत होत्या.

"कुलूप लावलं नव्हतंस?" व्हर्नाने विचारलं.

"नाही."

"कालपासून?"

"तेव्हा लावून बघितलं तेवढंच. त्यानंतर एकदाही नाही. सकाळी दुकानात जाऊन आले, तेव्हाही नाही. मग उगाचच स्टेशनापर्यंत जाऊन आले, तेव्हाही नाही."

"अगं, मग एवढा हट्ट कशाला केलास माझे बाई?"

ओडेटने कडी काढली, दार सताड उघडलं. थंड वारा आत आला. ती उंबऱ्यावर उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली.

"आमच्या घराला कुलूप बाहेरून लागायचं. चाव्या नवऱ्याच्या खिशात असायच्या," ती म्हणाली. "मला दार बंद करायचंच नव्हतं, मावशी. ते उघडं ठेवणं माझ्या हातात हवं होतं."